मायनस सातचा नंबर आणि ऑनलाइन घेतलेली १.६७ प्रोग्रेसिव्ह भिंगं: काही महिने वापरल्यानंतर

दोन्ही डोळ्यांना मायनस ७, थोडा सिलिंडर (दृष्टिवैषम्याचा नंबर), वर जवळचा +२. म्हणून प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एकाच भिंगात वरून खाली दूरचा, मधला आणि जवळचा नंबर. एवढा नंबर भरला की चष्म्याची साइट लगेच १.७४ पुढे करते, ‘सर्वांत पातळ’ म्हणून. (हा भिंगाच्या मटेरियलचा अपवर्तनांक; तो जास्त तितकं भिंग पातळ.) पावसाळ्याच्या तोंडावर मी १.६७ घेतली. आता स्वेटर निघालेत आणि चष्मा अजून नाकावर आहे.

मायनस भिंग काठाला जाड असतं, आणि केंद्रापासून काठ जितका लांब, त्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात ती जाडी वाढते. माझी जुनी फ्रेम ५४-१८ (एका भिंगाची रुंदी ५४ मिमी, नाकावरचा पूल १८), बुबुळांमधलं अंतर म्हणजे पीडी ६४. म्हणजे कानाकडचा काठ केंद्रापासून ३१ मिमीवर. ढोबळ हिशोबाने मधल्या जाडीवर १.६७ मध्ये ५ मिमीची भर, १.७४ मध्ये साडेचार. नवीन फ्रेम ४६-२० घेतली. काठ आला २४ मिमीवर, आणि १.६७ मध्येच भर ३ मिमीची. जाडी कमी झाली ती फ्रेममुळे, आणि लहान फ्रेमला जास्तीचे पैसे पडत नाहीत. (प्लस नंबरवाल्यांचं भिंग मध्ये जाड असतं, पण लहान फ्रेमचा फायदा त्यांनाही होतो.)

फक्त फ्रेम लहान म्हणजे उंचीलाही पट्टीसारखी नको. प्रोग्रेसिव्हमध्ये वाचायचा भाग खाली असतो, आणि अरुंद फ्रेममध्ये नेमका तोच कापला जातो. गोलसर फ्रेम या कामाला उत्तम. चेहरा थोडा मास्तरांसारखा दिसतो, असं घरचे म्हणतात. दिसू दे.

खरी कसोटी मापांची. एकट्या पीडीवर प्रोग्रेसिव्ह बनवून देणाऱ्यांकडून घेऊ नये. उजव्या-डाव्या डोळ्याचा पीडी वेगळा हवा आणि फिटिंगची उंची (भिंगाच्या खालच्या कडेपासून बुबुळापर्यंत) निवडलेल्या फ्रेमवरच मोजलेली हवी. मी घरी माणूस पाठवणारी सेवा घेतली. त्याने आधी फ्रेमच्या काड्या आणि नाकाचे पॅड नीट बसवले, मग समोर बसून मला सरळ बघायला लावलं आणि डमी काचेवर बुबुळासमोर मार्करने टिंब दिलं. खालच्या कडेपासून उजवीकडे २०, डावीकडे १९. हा एका मिलिमीटरचा फरक सेल्फीवरून कळणं कठीण. मायनस सातला केंद्र ३ मिमी सरकलं तर २.१ प्रिझम तयार होतो, म्हणजे दिसणारी प्रतिमा जागेवरून सरकते, आणि मग डोकं दुखतं.

चष्मा आल्यावर तपासता येतो. भिंग उजेडासमोर तिरकं धरलं की दोन बारीक कोरीव खुणा दिसतात, एकमेकींपासून ३४ मिमीवर. दोन्ही भिंगांतल्या खुणा आडव्या रेषेत हव्यात. शक्य असेल तर भिंगावरच्या शाईच्या खुणा न पुसताच पाठवायला सांगावं. फिटिंगचा क्रॉस बुबुळावर येतो का, ते आरशात दिसतं. पाहून झालं की पुसून टाकायच्या.

वापरात काय जाणवलं? सुरुवातीला जिना उतरताना पायऱ्या हलल्यासारख्या वाटायच्या. हनुवटी खाली घ्यायची सवय लागली आणि ते गेलं. कडेने पाहिलं की ट्यूबलाइटला निळी-पिवळी किनार अजूनही दिसते. १.६७ चं ॲबे मूल्य (ते जितकं जास्त, तितकी रंगीत किनार कमी) ३२ च्या आसपास, १.७४ चं ३३, म्हणजे जास्त पैसे देऊनही ही किनार गेली नसती. १.६० ला ते ४१ असतं. मायनस चार-पाचपर्यंत आणि लहान फ्रेम असेल तर मी तेच घेईन. अँटिग्लेअर मात्र वगळू नका: १.६७ चा प्रत्येक पृष्ठभाग सहा टक्क्यांवर प्रकाश परतवतो, साधं १.५० चार टक्के. डोळे बारीक दिसतात ते दिसतातच, पातळ भिंगाने त्यात फारसा फरक पडत नाही.

ऑफिसच्या मोठ्या मॉनिटरला भिंगातला मधल्या अंतराचा पट्टा अपुरा पडतो, मान सारखी वर करावी लागते. त्यासाठी जुन्याच फ्रेममध्ये मॉनिटरच्या अंतराला जुळणारी मायनस ६ ची साधी, एकाच नंबरची भिंगं बसवून घेतली आणि तो चष्मा ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवलाय.