नदीतलं प्लास्टिक मोजायचंय: पुलावरून मोजणी की मांटा जाळं?

नद्या दरवर्षी समुद्रात किती प्लास्टिक टाकतात, याचे दोन जागतिक अंदाज २०१७ मध्येच आले. एक ११.५ ते २४.१ लाख टनांचा, दुसरा ४.१ ते ४० लाख टनांचा. एवढी तफावत पाहिली की आपल्या नदीवर आपण काय मोजणार आहोत, हे आधी ठरवावंसं वाटतं.

पर्याय दोन: पुलावर उभं राहून वाहत्या वस्तू मोजणं, किंवा मांटा जाळं, म्हणजे पृष्ठभागावर तरंगत ठेवायचं बारीक विणीचं जाळं. जाळ्याची बाजू भक्कम आहे. हातात खरा नमुना येतो, वजन करता येतं, ३३३ मायक्रॉनच्या विणीत बारीक कणही अडकतात. ६० सेंमी रुंद तोंड १५ सेंमी बुडालेलं असेल आणि प्रवाह सेकंदाला अर्धा मीटर असेल, तर २० मिनिटांत ५४ घनमीटर पाणी गाळून निघतं. कागदावर.

प्रत्यक्षात जाळं तुंबतं. पानं, शेवाळ, जलपर्णीची मुळं विणीवर बसली की पाणी आत शिरण्याऐवजी तोंडावरून बाजूला वळतं आणि तरंगणारं प्लास्टिकही त्याच्याबरोबर निसटतं. वेग जाळ्याबाहेर मोजला असेल तर हिशेबात ५४ घनमीटरच धरले जातात, म्हणजे प्लास्टिक कमी दिसतं. आत शिरणारं पाणी मोजणारा फ्लोमीटर तोंडात बसवला तर आकडा सुधारतो, पण त्याच्या पंख्याला दोरा गुंडाळला गेला की तोही खोटं बोलतो. आणि हे सगळं नेमकं पुरात होतं, जेव्हा प्लास्टिक सर्वांत जास्त वाहतं. माझं मत तिथेच फिरलं.

पुलावरच्या मोजणीत तुंबण्यासारखं काही नाही. पुलाचे १०-१५ मीटरचे टप्पे पाडायचे, प्रत्येकावर दोन ते पाच मिनिटं थांबायचं, अडीच सेंमीहून मोठ्या वस्तू प्रकारानुसार मोजायच्या. दोन मिनिटांत २४ दिसल्या तर त्या टप्प्यातून तासाला ७२०. प्रवाहाच्या वरच्या अंगाला तोंड करून उभं राहिलेलं बरं, खांबांच्या भोवऱ्यात शिरण्याआधी वस्तू दिसते. भरतीत उलट जाणाऱ्या वस्तू वजा करायला विसरू नका, नदीच्या मुखाजवळ तर मुळीच विसरू नका.

उणिवा आहेतच. पृष्ठभागाखालचं दिसत नाही, पूल उंच असला की लहान तुकडे सुटतात, चकाकीत पारदर्शक पिशवी हरवते. वजन तर अंदाजानेच येतं. त्यासाठी काठावरून प्रत्येक प्रकारच्या वस्तू गोळा करून, धुऊन, वाळवून सरासरी काढावी. पिशवीतला गाळ राहिला तर ती कित्येक पट जड भरते.

सूक्ष्म कणच हवे असतील तर अर्थात जाळ्याला पर्याय नाही. मग एका लांब फेरीऐवजी पाच-पाच मिनिटांच्या फेऱ्या घ्या, दर वेळी जाळं बाहेरून धुवा. मिठाच्या संपृक्त पाण्यात कण वेगळे करताना पीईटी (बाटल्यांचं प्लास्टिक) तळाशी बसतं हे ध्यानात ठेवा: पाण्याची घनता १.२, त्याची १.३८. त्यासाठी झिंक क्लोराइडचं अधिक जड द्रावण लागेल.