एकाला तीस देणारा ब्लॅकजॅक

‘घरबसल्या ब्लॅकजॅक, साइड बेटचा हमखास फॉर्म्युला’ असलं काही टेलिग्रामवर आलं तर आधी हे वाचा. माझ्या भाच्याचे त्यात ऐंशी हजारांच्या वर गेले. तो सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, हिशेबाला पक्का. ‘अडाणी माणसंच फसतात’ हे ऐकून कान किटलेत, म्हणून मुद्दाम सांगतोय.

ब्लॅकजॅकमध्ये पानांची बेरीज एकवीसच्या वर जाऊ न देता डीलरला, म्हणजे पानं वाटणाऱ्याला, हरवायचं असतं. ही मुख्य पैज. नियम चांगले असले आणि डोकं लावून खेळलं तर तिच्यात शंभराला साधारण पन्नास पैसे जातात. एवढ्या सावकाशीने लुटणं कुणाला परवडतंय? म्हणून ग्रुपमधले ‘सर’ पोरांना मुख्य पैज नावापुरती लावायला सांगायचे, सगळा जोर जोडीच्या साइड बेटवर, म्हणजे त्याच डावात लावायच्या वेगळ्या पैजेवर. पहिली दोन पानं एकाच आकड्याची आली की एकाला पाच, रंगही एक (दोन्ही लाल किंवा दोन्ही काळी) असेल तर एकाला दहा, आणि हुबेहूब तेच पान आलं तर एकाला तीस.

“मामा, रेट तर बघा की ओ!”

गड्ड्याच्या यात्रेत मागच्या रांगेतला कुकर बघून पोरं रिंगा टाकत बसतात, तसा हा तीसचा रेट. टेबलावर सहा कॅट धरा, म्हणजे ३१२ पानं. पहिलं पान आलं की उरली ३११. त्यांत जोडी जमवणारी फक्त २३: हुबेहूब ५, त्याच रंगाची ६, दुसऱ्या रंगाची १२. म्हणजे ३११ डावांत शंभर-शंभर लावले तर ३१,१०० रुपये टाकून, जिंकलेल्या डावांत लावलेले शंभर परत धरून, सरासरीने २९,३०० हातात येतात. शंभराला पावणेसहाच्या वर गेले, आणि हे प्रामाणिक टेबलावर. गोव्याच्या कॅसिनोत पानं डोळ्यांदेखत वाटली जातात, तरी असा रेट असेल तर गणित हेच. डीलरचा एक्का दिसल्यावर ‘इन्शुरन्स’ घ्यायला लावतात, त्यात तर शंभराला सात रुपयांच्या वर जातात. तुमच्या हातातल्या पानांना त्याने कसलंच संरक्षण मिळत नाही. डीलरचं झाकलेलं पान दहाचं (दश्शी किंवा चित्राचं) निघेल का, एवढीच ती पैज.

खरी मेख वेगळीच. जोडी शंभरातनं ब्याण्णव-त्र्याण्णव वेळा लागतच नाही. त्यामुळे पानं लबाडीने वाटली तरी हरणाऱ्याला शंका येत नाही, नशिबाला बोल लावून तो पुढचा डाव लावतो. इथे लबाडी उघडी पाडली माझ्या भाचीने. ‘लाइव्ह डीलर’ बाईच्या मनगटावरचं घड्याळ दुपारी बघा, रात्री बघा, दहा वाजून दहा मिनिटंच दाखवायचं. व्हिडिओ रेकॉर्ड केलेला, वर पानं सॉफ्टवेअरची!

सुरुवातीला दोन हजार काढून दिले होते, विश्वास बसला. मग स्क्रीनवर एक लाख चाळीस हजारांची जीत दिसायला लागली आणि निरोप आला: आधी तीस टक्के टीडीएस भरा. बेचाळीस हजार तिथेच गेले, तेही कुठल्याशा माणसाच्या यूपीआयवर. अहो, टीडीएस जिंकलेल्या रकमेतून कापतात, आधी भरून घेत नाहीत. दर वेळी पैसे पाठवायचं नाव नवीन, हेही पोराला खटकलं नाही.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायला त्याने चार दिवस लावले. ‘जुगार खेळलो म्हणून मलाच आत टाकतील’ ही भीती. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, त्यात शिक्षा आहे ती खेळ चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला, खेळणाऱ्याला नाही. तक्रार करताना प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर नंबर, यूपीआय आयडी आणि चॅटचे स्क्रीनशॉट हाताशी ठेवा. ग्रुपमधून बाहेर पडायच्या आधी ते काढा, नंतर ‘सर’ सगळं पुसून टाकतात. भाच्याच्या शेवटच्या व्यवहारातली थोडी रक्कम बँकेत गोठवली गेली, बाकीची तोवर पुढच्या खात्यांत पसार झाली होती.

ग्रुप आता दुसऱ्या नावाने सुरू झालाय. रेट वाढवलाय, एकाला चाळीस.