मालवणची खानावळ: जेवण झकास, फक्त 'फ्रेश' म्हणजे काय ते आधी विचारा

जुलैत मालवणला जाणार असाल तर हे वाचून जा. बाजारातून बंदराकडे जाताना एक घरगुती खानावळ लागते, नाव मुद्दाम देत नाही, दारात भला मोठा बोर्ड, 'येथे फ्रेश फिश मिळेल'. आता १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, होड्या सगळ्या शाकारून वर ओढलेल्या, बिगरयांत्रिक होडीला बंदी नाही पण असल्या खवळलेल्या दर्यात जातंय कोण, मग ही सुरमई फ्रेश कुठून आली? वाढणाऱ्या पोराला विचारलं तर म्हणे फ्रेश म्हणजे आत्ता तव्यावर टाकून देतो ना, सकाळची नाय.

आणि गंमत म्हणजे पोरगा इंग्रजीच्या हिशोबाने बरोबर होता. फ्रेश म्हणजे आत्ताच केलेलं, आणि फ्रेश म्हणजे न गोठवलेलं, न खारवलेलं, दोन्ही चालतं. गिऱ्हाईक दुसरं धरून आत शिरतं, बोर्ड पहिलं धरून लावलेला असतो. वर 'फ्रेश वॉटर फिश' म्हटलं की अजून घोळ, ते गोड्या पाण्यातले मासे, त्यांचा ताजेपणाशी काही संबंध नाही. लॉजवाला 'फ्रेश होऊन या' म्हणतो ते तर इंग्रजांनाही कळणार नाही.

शेवटी आतून काकी आल्या आणि सरळ म्हणाल्या, "सुरमय बर्फातली आसा, खाडयेतली काळुंदरा सकाळची आसत." ताट आणून दाखवलं पण. काळुंदर म्हणजे खाडीतला मासा, त्याचे कल्ले लालभडक, डोळे टपोरे नि चकचकीत, बोटाने दाबलं की मांस लगेच वर. सुरमईच्या तुकडीवर बोट टेकवलं तर खळगा तसाच राहिला. मग काय, काळुंदरंच घेतली, रव्यात घोळवून तळलेली, बाहेरून कुरकुरीत आतून लुसलुशीत, एक नंबर. तिरफळं घातलेली आमटी पण मस्त, सोलकढी मात्र पाणचट, नारळ महाग झालाय मान्य पण इतकी कंजुषी कशाला.

चार स्टार, एक बोर्डासाठी कापला. दुपारी दोननंतर जाऊ नका, काळुंदरं संपतात आणि मग ती सुरमईच गळ्यात मारतात. पार्किंग नाही, गाडी बाजाराकडेच लावा.