मिलर-युरे प्रयोगाची काचेची प्रतिकृती: देखणी, पण वाकणात चुकलेली

भाच्याच्या शाळेतील विज्ञान प्रदर्शनासाठी वडोदऱ्यातील प्रयोगसाहित्याच्या एका दुकानातून ही प्रतिकृती घेतली. १९५३ साली स्टॅन्ली मिलर यांनी प्रसिद्ध केलेल्या मूळ प्रयोगात पृथ्वीचे आद्य वातावरण म्हणून घेतलेल्या मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि वाफ यांच्या मिश्रणात विजेच्या ठिणग्या पाडल्यावर ग्लायसीनसारखी अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे घटक, मिळाली होती. प्रतिकृतीत वायू नाहीत (घरी ते नसलेलेच बरे). पाणी उकळते, वाफ चढते आणि थंड होऊन खाली परतते, एवढेच दिसते, पण सुरेख दिसते. काच जाड व स्वच्छ आहे.

खोट आहे ती तळाच्या वाकड्या नळीत. तिच्यात साठलेल्या पाण्यामुळे वाफ उलट्या वाटेने जात नाही आणि अभिसरणाची दिशा टिकते. येथे मात्र वाकण इतके उथळ आहे, की उकळी वाढताच वाफ गुडगुडत मागल्या दाराने वर शिरते. दुकानदारांनी नळी विनातक्रार बदलून दिली, परंतु प्रदर्शन उरकल्यावर.

माहितीपत्रकही जुनेच आहे. आद्य वातावरण मुख्यतः नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडचे असावे, असे आज बहुतेक संशोधक मानतात. त्याचा त्यात उल्लेखही नाही.