लघवीवर ताबा राहत नाही: आधी कोणाकडे जावं, कोणता उपाय निवडावा?

शिंक आली, भरलेली बादली उचलली की लघवीचे थेंब जातात. किंवा लघवी लागल्याची जाणीव होते आणि बाथरूमची कडी काढेपर्यंत कपडे ओले होतात. हे डॉक्टरांना सांगायला बायका वर्षानुवर्षं कचरतात. सांगायचं ठरवलं तरी प्रश्न उरतोच, कोणत्या डॉक्टरांना? वय झालं की असं चालायचंच, ही समजूत मात्र आधी सोडा. वयानुसार हा त्रास वाढतो खरा, पण बहुतेक जणींचा तो उपचारांनी कमी होतो.

लघवी नेमकी कधी जाते, ते आधी घरी पाहा. खोकताना, हसताना, जिना उतरताना जात असेल तर मूत्रमार्गाला खालून आधार देणारे स्नायू कमजोर झालेले असतात. बाळंतपणं, वाढलेलं वजन, जुना खोकला, कायमची बद्धकोष्ठता ही त्याची नेहमीची कारणं. अचानक घाई होऊन जात असेल, तर पुरेसं भरण्याआधीच मूत्राशय आकुंचन पावत असतं. पुष्कळ जणींना दोन्ही त्रास असतात. मग जो जास्त छळतो त्यापासून सुरुवात करायची. तीन दिवस वहीत लिहा: कधी काय प्यायलं, कधी लघवीला गेलात, कधी गळली आणि तेव्हा काय करत होतात. हा कागद हातात असला की डॉक्टरांपुढे शब्द शोधावे लागत नाहीत.

पहिली भेट फॅमिली डॉक्टरांचीच बरी. लघवीची आणि साखरेची तपासणी तिथेच होते. जंतुसंसर्ग, मधुमेह किंवा बीपीसाठी चालू असलेली लघवी वाढवणारी गोळी, यांपैकी काही कारण निघालं तर पुढची बरीच वणवण वाचते.

पुढे स्त्रीरोगतज्ज्ञ की युरॉलॉजिस्ट, म्हणजे मूत्रविकारतज्ज्ञ? त्रास बाळंतपणानंतर किंवा पाळी गेल्यावर सुरू झाला असेल, किंवा अंग बाहेर आल्यासारखं वाटत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञ. पाळी गेल्यानंतरच्या कोरडेपणामुळे घाई होत असेल तर योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचं मलम उपयोगी पडतं. लघवी पूर्ण होत नसेल, संसर्ग पुन्हा पुन्हा होत असेल किंवा आधीची शस्त्रक्रिया फसली असेल, तर युरॉलॉजिस्ट. दोन्ही जाणणारे युरोगायनॅकॉलॉजिस्ट मोठ्या शहरांत भेटतात, पण थोडे. पुरुष डॉक्टर तपासणार म्हणून अनेक जणी माघारी फिरतात. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्क सनदेनुसार अशा तपासणीच्या वेळी दुसरी स्त्री सोबत असणं हा तुमचा हक्क आहे. सिस्टरना आत थांबायला सांगा, संकोच नको.

आता खरी निवड: व्यायाम की शस्त्रक्रिया. खोकला-शिंकेच्या त्रासात मी निःसंशय व्यायामाच्या बाजूने आहे, निदान सुरुवातीला. अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगल यांनी आधार देणाऱ्या त्या स्नायूंचे हे व्यायाम 1948 मध्ये मांडले. उपचारांबाबत मार्गदर्शक सूचना देणारी ब्रिटनची नाइस ही संस्था आजही देखरेखीखाली किमान तीन महिने हाच उपचार आधी द्यायला सांगते. दिवसातून तीनदा, प्रत्येक वेळी निदान आठ आकुंचनं. वायू आणि लघवी एकदमच रोखून धरल्यासारखं आत-वर ओढायचं, मग पूर्ण सैल सोडायचं. अडचण अशी की चुकीचं करणाऱ्या पुष्कळ असतात. कुणी श्वास रोखतं, कुणी नितंब आवळतं, कुणी उलट खाली जोर देतं आणि त्रास वाढवून घेतं. म्हणून व्हिडिओ पाहून करण्यापेक्षा या कामाची माहिती असलेल्या फिजिओथेरपिस्टकडून एकदा तरी तपासून घ्या. चालू धार थांबवून सराव करू नका. यात चिकाटी लागते आणि फरक दिसायला आठवडे जातात. पण नीट केलं तर अपाय जवळजवळ नाही. वजन जास्त असेल तर ते थोडं उतरवल्यानेही गळती कमी होते.

शस्त्रक्रियेत मूत्रमार्गाखाली आधाराची पट्टी बसवतात. कृत्रिम जाळीच्या पट्टीची पद्धत उल्फ उल्मस्टेन यांनी 1996 मध्ये प्रसिद्ध केली. ती झटपट होते आणि अनेकींना मोठा आराम देते. पण जाळी टोचणं, दुखणं, लघवी अडकणं अशा तक्रारींमुळे इंग्लंडमध्ये 2018 साली तिचा वापर थांबवण्यात आला. म्हणून विचारा: पट्टी जाळीची की माझ्याच शरीरातल्या ऊतीची? त्रास झाला तर ती कोण काढणार? आणखी मूल हवं असेल तर थांबा. पहिल्याच भेटीत तारीख देणाऱ्यांना होकार देण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

नुसत्या गळतीसाठी गर्भाशय काढा असं कुणी सुचवलं, तर स्पष्ट नकार द्या. तो या त्रासावरचा उपचार नाही. गरज नसताना पिशवी काढल्याची किंमत बीडच्या ऊसतोडणी करणाऱ्या बायकांनी कशी मोजली, ते 2019 मध्ये महाराष्ट्राने पाहिलं आहे.

घाईच्या त्रासात हिशेब वेगळा. तिथे निदान सहा आठवडे मूत्राशयाला सवय लावायची: ठरलेल्या वेळी जायचं आणि मधलं अंतर हळूहळू वाढवायचं. चहा-कॉफी कमी करा, पाणी तोडू नका. लघवी दाट झाली की घाई वाढू शकते. बाहेर स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून दिवसभर घोटभर पाण्यावर काढणाऱ्या बायकांची ही कोंडी खरी आहे. बायकांना सार्वजनिक स्वच्छतागृहं मिळावीत म्हणून मुंबईत 2011 पासून ‘राइट टू पी’ची लढाई चालू आहे. सवयीने भागलं नाही तर गोळ्या. सोलिफेनॅसिन, टॉल्टेरोडिन यांनी तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठता होते. वयस्कर बायकांच्या स्मरणशक्तीवर परिणाम होण्याची शक्यता असल्याने आई-सासूसाठी त्या घेताना डॉक्टरांशी हे बोलाच. मिराबेग्रॉनने तोंड तितकं कोरडं पडत नाही, पण बीपी तपासत राहावं लागतं. शिंकेबरोबर जाणाऱ्या लघवीवर या गोळ्यांचा उपयोग नाही.

लघवीतून रक्त जात असेल, लघवी अडकली असेल, पायांत किंवा जांघेत बधिरपणा आला असेल, किंवा बाळंतपणानंतर वा ओटीपोटाच्या शस्त्रक्रियेनंतर लघवी अखंड झिरपत असेल, तर तीन दिवसांची वही आणि व्यायाम दोन्ही बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठा.