बिनझिलईचे, झिलईदार की ॲल्युमिनियमचे? बेकिंगसाठी स्टोनवेअर घेण्यापूर्वी

ज्या घरात लोणच्याची चिनीमातीची बरणी आहे, त्या घरात स्टोनवेअर पूर्वीपासूनच नांदते आहे. फक्त त्याला ते नाव नव्हते. साधारण १२०० ते १३०० अंश सेल्सिअसला भाजल्यावर या मातीचे कण एकमेकांत वितळून घट्ट बसतात आणि भांडे पाणी जवळजवळ पीत नाही. उलट माठ याहून बऱ्याच कमी तापमानाला भाजलेला असल्याने सच्छिद्र राहतो, झिरपतो आणि म्हणूनच पाणी गार ठेवतो. मीठ, तेल आणि कैरीचा आंबटपणा वर्षभर पोटात ठेवूनही बरणीला काही होत नाही, हा या मातीचा गुण आपल्या परिचयाचा आहे. त्याच मातीपासून घडवलेले केकचे साचे, ब्रेडचे लोफ पॅन, मफिनचे ट्रे आणि ‘पाय’ या सारण भरून भाजायच्या पदार्थाच्या लहरी काठाच्या थाळ्या आता भारतातही सहज मिळतात, आणि परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांच्या सामानातूनही येतात. प्रश्न एवढाच उरतो, की आपल्या ओटीजीसाठी, म्हणजे ओट्यावरच्या लहान विजेच्या ओव्हनसाठी, यांतले नेमके काय घ्यावे.

पर्याय प्रत्यक्षात तीन आहेत: झिलई न दिलेले, वापराने काळवंडत जाणारे स्टोनवेअर, आतून-बाहेरून काचेसारखी झिलई दिलेले स्टोनवेअर, आणि या दोघांच्या शेजारी तुलनेला उभे केलेच पाहिजे असे, स्वस्त आणि हलके ॲल्युमिनियमचे टिन. माझे मत आधीच नोंदवून ठेवणे प्रामाणिकपणाचे ठरेल. सपाट आणि साध्या आकारांसाठी स्टोनवेअर घ्यावे, नक्षीदार आणि खाचाखोचांच्या आकारांसाठी घेताना दहादा विचार करावा, आणि घरात एकच भांडे ठेवायचे असेल तर ते बिनझिलईचे नसावे.

या मताचे मूळ उष्णतेच्या वहनात आहे. ॲल्युमिनियम स्टोनवेअरच्या मानाने सुमारे शंभरपट चांगला उष्णतावाहक आहे. त्यामुळे ॲल्युमिनियमचे टिन ओव्हनमध्ये ठेवताच काही क्षणांत तापते, मिश्रणाच्या कडा लवकर धरतात आणि केक भराभर फुगतो. स्टोनवेअर मात्र सावकाश तापते, सावकाश निवते आणि जाड भिंतींत उष्णता साठवून ठेवते. पावासाठी, खुसखुशीत बिस्किटांसाठी, पिझ्झाच्या तळासाठी किंवा भाजलेल्या बटाट्यांसाठी हा संथपणा वरदान आहे, कारण ओटीजीचा थर्मोस्टॅट सतत चालू-बंद होत असताना तापमानात पडणारे चढउतार जाड भांडे सोसून घेते आणि तळ एकसारखा तांबूस होतो. पातळ टिनमध्ये नेमका उलटा अनुभव येतो: तापणाऱ्या रॉडच्या बाजूचा भाग करपलेला आणि मधला भाग फिका.

हलक्या स्पंज केकसाठी मात्र हाच संथपणा अडचणीचा ठरतो. आपल्याकडे अंड्याविना केक फार होतात, आणि त्यांत दही किंवा व्हिनेगर व खाण्याचा सोडा यांच्या संयोगातून वायू तयार होतो. हा वायू मिश्रण कालवताक्षणीच सुटू लागतो. त्यामुळे भांडे तापायला जेवढा वेळ घेईल, तेवढा फुगण्याचा जोर वाया जातो. जाड स्टोनवेअरमध्ये केलेला असा केक चवीला उत्तम, पण उंचीला बेताचा होतो. रवा केकची गोष्ट निराळी आहे. त्याचा पोतच मुळात भरड आणि घट्ट असल्याने त्याला स्टोनवेअर मानवते, कडा तर विशेष चांगल्या होतात. कोणत्याही पाककृतीत धातूच्या टिनसाठी दिलेल्या वेळेत पाच ते दहा मिनिटांची भर घालावी लागते, आणि केक किंचित ओलसर असतानाच बाहेर काढावा लागतो, कारण भांड्यातली उष्णता ओट्यावर ठेवल्यावरही पदार्थ शिजवत राहते. या जादा दहा मिनिटांच्या विजेची चिंता करणाऱ्यांसाठी हिशेब सोपा आहे: १५०० वॉटचा ओटीजी सलग दहा मिनिटे चालला तरी पाव युनिट वीज लागते.

झिलई असण्या-नसण्याने खरा फरक पडतो तो वापराच्या शिस्तीत. बिनझिलईचे भांडे बिडाच्या तव्याच्या जातीचे समजावे. नवे असताना ते फिकट असते आणि पदार्थ चिकटवते. तेल-तुपाचे पदार्थ त्यात भाजत गेले की तेलाचा थर उष्णतेने घट्ट होत जातो, भांडे आधी तपकिरी आणि मग जवळजवळ काळे होते, आणि काही महिन्यांनी त्यातून पदार्थ आपोआप सुटू लागतो. पाहुण्यांना हा काळेपणा अस्वच्छता वाटेल. वापरणाऱ्याला मात्र तो कमाई वाटतो. सुरुवातीच्या पाच-सहा वेळा त्यात लोणीदार बिस्किटे किंवा भरपूर तेल लावलेले पदार्थच करावेत. पहिल्याच दिवशी कमी तुपाचा, चिकट गुळाचा नाचणीचा केक करायला जाऊ नये. बिनझिलईचा पृष्ठभाग पिठातला थोडा ओलावा ओढून घेतो, त्यामुळे तळाला जो कुरकुरीतपणा येतो तो झिलईदार भांड्यात तितकासा येत नाही, हेही मान्य केले पाहिजे.

परंतु जो पृष्ठभाग ओलावा ओढतो, तो साबण आणि वासही ओढतो. म्हणून बिनझिलईचे भांडे भांडी घासण्याच्या साबणाने धूत नाहीत. ते पूर्ण निवू द्यायचे, प्लॅस्टिकच्या किंवा लाकडी उलथन्याने खरवडायचे, कढत पाण्यात घासायचे आणि फारच चिकटले असेल तर खाण्याच्या सोड्याचा लेप लावून थोड्या वेळाने धुवायचे. धुणीभांड्याला मदतनीस येत असेल तर हा नियम पाळला जाण्याची शक्यता किती, याचा विचार ज्याने-त्याने करावा. एकदा साबणाच्या फेसात रात्रभर बुडालेले भांडे पुढच्या ब्रेडला साबणाची चव देऊ शकते. लसणाचा ब्रेड आणि उपवासाचा केक एकाच बिनझिलईच्या भांड्यात करणेही बरे नव्हे, आणि ज्या घरात मासे भाजले जातात तिथे तर माशांसाठी वेगळे भांडे लागेलच. कोकण, गोवा आणि मुंबईच्या पावसाळ्यात आणखी एक काळजी पडते: ओलसर राहिलेले भांडे बंद कपाटात ठेवले की तेलाचा थर खवट वास धरतो. ते आठवडाभर वापरायचे नसेल तर पूर्ण वाळवून उघड्या फडताळावर ठेवावे.

झिलईदार भांड्याच्या बाबतीत यांतले काहीच करावे लागत नाही. साबण चालतो, वास राहत नाही, टोमॅटो, दही किंवा लिंबू यांचा परिणाम होत नाही, आणि ओव्हनमधून थेट टेबलावर ठेवता येईल इतके ते देखणे असते. उघड्या ॲल्युमिनियमवर आंबट पदार्थांचा परिणाम होतो आणि त्याची चव पदार्थात उतरू शकते, हे लक्षात घेता टोमॅटो सॉसच्या बेक केलेल्या भाज्यांसाठी किंवा लिंबाच्या पुडिंगसाठी झिलईदार स्टोनवेअरच अधिक योग्य ठरते. मायक्रोवेव्हमध्येही, तळावर तशी खूण असेल तर, ते चालते. धातूचे टिन तिथे चालत नाही. झिलईवर कालांतराने केसासारख्या बारीक चिरा दिसू लागल्या, तर त्यांत तेल आणि अन्नाचे कण अडकू शकतात, म्हणून असे भांडे रोजच्या वापरातून काढावे. रंगीबेरंगी, हातांनी रंगवलेली भांडी घेताना ती अन्नासाठी आणि ओव्हनसाठी सुरक्षित असल्याचे स्पष्ट लिहिलेले आहे का, हे पाहिल्याशिवाय घेऊ नयेत. कमी तापमानाला भाजलेल्या काही सजावटी झिलयांत शिसे असते आणि आंबट पदार्थात ते उतरू शकते. उत्तर प्रदेशातील खुर्जा हे चिनीमातीच्या कामाचे मोठे केंद्र आहे आणि तिथली भांडी आपल्या बाजारांत भरपूर येतात. पण एकाच दुकानात शोभेची आणि ओव्हनमध्ये चालणारी अशी दोन्ही भांडी शेजारीशेजारी मांडलेली असतात, तेव्हा विचारून घेणे आवश्यक आहे.

दोन्ही प्रकारच्या स्टोनवेअरचा समान शत्रू म्हणजे तापमानातील अचानक बदल. माती दाब भरपूर सोसते, पण ताण सोसत नाही. भांड्याचा एक भाग गरम आणि दुसरा गार झाला की गरम भाग प्रसरण पावू पाहतो, गार भाग त्याला अडवतो, आणि या ओढाताणीत तडा जातो. उष्णता हळू वाहत असल्याने हा फरक लवकर मिटतही नाही. माझे एक लोफ पॅन नेमके असेच गेले. ओव्हनमधून काढलेले भांडे सवयीने कडाप्प्याच्या ओट्यावर टेकवले; ओटा नुकताच पुसलेला, ओला होता. आवाज फटाक्यासारखा नव्हता, बारीक ‘टक्’ असा होता, आणि पाव काढल्यावर तळाला आरपार रेघ दिसली. तेव्हापासून ओट्यावर लाकडी पाट किंवा कापडाची चुंबळ आधीच ठेवलेली असते. हाच नियम उलट दिशेनेही लागू आहे: फ्रीजमध्ये पीठ फुगवत ठेवलेले भांडे तसेच तापलेल्या ओव्हनमध्ये सरकवू नये, गरम भांड्यात गार पाणी ओतू नये, आणि बिनझिलईचे भांडे रिकामे तापवू नये. मोठ्या ट्रेच्या कोपऱ्यात चारच बिस्किटे भाजण्याऐवजी निदान दोन-तृतीयांश पृष्ठभाग पदार्थाने झाकला जाईल असे पाहावे. गॅसच्या आचेवर, किंवा कुकरमध्ये मीठ-वाळू घालून केक करण्याच्या घरगुती पद्धतीत, स्टोनवेअर अजिबात वापरू नये. तिथे ॲल्युमिनियमला पर्याय नाही.

वरच्या रॉडच्या आचेचाही विचार करावा लागतो. बरेच उत्पादक स्टोनवेअर ग्रिलखाली ठेवण्यास मनाई करतात, आणि लहान ओटीजीत वरचा रॉड भांड्याच्या काठापासून फार लांब नसतो. गोव्याचे बेबिंक एकेक थर ओतून वरच्या आचेवर भाजत न्यावे लागते. त्यासाठी धातूचे खोल टिनच घ्यावे. वजनाचा मुद्दाही लहान ओव्हनमध्ये गौण नसतो. मोठा आयताकृती स्टोनवेअर पॅन भरल्यावर तीन किलोंच्या पुढे सहज जातो, तारेची जाळी वाकते, आणि जाड हातमोज्यांनी ते भांडे अरुंद दारातून बाहेर काढणे मनगटाची परीक्षा पाहणारे असते. घेण्यापूर्वी ओव्हनच्या आतली लांबी-रुंदी मोजावी, कानांसकट.

आता आकारांविषयी, कारण विक्रेत्यांच्या जाहिरातींत सर्वांत मोहक तेच असतात. मफिनचा बिनझिलईचा ट्रे हा माझ्या मते फसवा सौदा आहे: बारा खोलगट वाट्यांच्या कोपऱ्यांत कण अडकतात, साबण चालत नाही, आणि कागदी कप वापरायचे म्हटले तर मातीचा पृष्ठभाग कशासाठी घ्यायचा, हा प्रश्न उरतोच. हाच ट्रे झिलईदार असेल तर धुणे सोपे होते, पण मफिनना जो झटपट ताप हवा असतो तो मिळत नाही. मधोमध नळी असलेल्या नक्षीदार केकचे प्रकरण मात्र अधिक रंजक आहे. फ्रान्सच्या आल्सास प्रांतातील सुफ्लेनहाइम गावात कुगलहॉफ नावाच्या यीस्टच्या केकसाठी झिलईदार मातीचे साचे आजही बनतात. ती माती स्टोनवेअरपेक्षा मऊ असली, तरी आकाराचा धडा तोच आहे. मधल्या नळीमुळे आच केकच्या पोटापर्यंत पोहोचते आणि मातीचा संथपणा भरून निघतो. अमेरिकेत १९५० मध्ये नॉर्डिक वेअर या कंपनीने याच घराण्यातला बंट पॅन ॲल्युमिनियमच्या ओतकामात आणला, आणि ओतीव धातूत धारदार कडा उमटतात तशा जाड झिलईच्या खाली उमटत नाहीत, हे दोन्ही केक शेजारी ठेवल्यास लगेच दिसते. यीस्टचा केक असेल तर मातीचा साचा. लोण्या-साखरेचा, कोरीव कडांचा केक असेल तर ओतीव ॲल्युमिनियम.

फुलापानांची नक्षी कोरलेले, शॉर्टब्रेड या लोणीदार बिस्किटाचे साचे नानकटाईसाठी वापरता येतील का, असे अनेक जण विचारतात. शॉर्टब्रेडच्या पिठात सहसा सोडा नसतो, म्हणून नक्षी टिकते. नानकटाई सोड्याने फुलते, पसरते आणि नक्षी पुसते. सोडा वगळून, पीठ काट्याने टोचून आणि साचा नीट तूप लावून घेतल्यास नक्षी उमटेल, पण मग ती नानकटाई राहणार नाही.

घेण्याचे ठरलेच, तर पहिली खरेदी झिलईदार लोफ पॅनची करावी. रोजच्या धुण्यात तो टिकतो, त्यात ब्रेडही होतो आणि भाजीही. आठवड्यातून दोनदा बिस्किटे किंवा पिझ्झा भाजणाऱ्याने, आणि भांडी स्वतः धुणाऱ्याने, दुसरी खरेदी म्हणून बिनझिलईचा सपाट ट्रे घ्यावा. स्पंज केकचे ॲल्युमिनियमचे टिन मात्र कपाटातून काढून टाकू नये. दुकानात भांडे हातात घेतल्यावर ते माठासारखे बोटाच्या पेराने वाजवून पाहावे: खणखणीत आवाज आला तर घ्यावे, बदबद आवाज आला तर वरून न दिसणारा तडा आहे असे समजून परत ठेवावे.