स्तन राखायचा की काढायचा: निर्णयाआधी आपल्याला काय जपायचे ते ठरवताना

स्तनाच्या कर्करोगाचे निदान लवकर झाले, तर बहुतेक स्त्रियांपुढे शस्त्रक्रियेचे दोन मार्ग असतात: गाठ आणि तिच्याभोवतीचा थोडा निरोगी भाग काढून स्तन राखणे व पुढे रेडिएशन घेणे, किंवा संपूर्ण स्तन काढणे. घरची मंडळी बहुधा ‘सगळं काढूनच टाका, म्हणजे काळजी मिटली’ असा आग्रह धरतात. तो मायेपोटी असला तरी त्यामागची समजूत तपासायला हवी. अमेरिकेत आणि मिलानमध्ये झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांचे वीस वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि दोन्हींत असे दिसले की स्तन राखलेल्या व काढलेल्या स्त्रियांच्या आयुर्मानात फरक पडत नाही. म्हणून दोन्ही मार्ग वैद्यकीयदृष्ट्या खुले असतील, तर निवड आपल्या उद्दिष्टांवरच व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘पुन्हा गाठ होण्याची धास्ती नको’ हे पहिले उद्दिष्ट असेल, तर संपूर्ण स्तन काढण्याचे पारडे थोडे जड ठरते, कारण राखलेल्या स्तनात आजार परतण्याची शक्यता काहीशी अधिक असते. मात्र हा धोका रेडिएशनने बराच घटतो: त्याच अमेरिकी चाचणीत केवळ गाठ काढलेल्यांपैकी ३९.२ टक्के स्त्रियांच्या त्याच स्तनात वीस वर्षांत आजार परतला, तर रेडिएशनही घेतलेल्यांत हे प्रमाण १४.३ टक्के होते. स्तन काढल्यावरही धोका शून्यावर येत नाही आणि दुसऱ्या स्तनाची नियमित तपासणी चालूच राहते.

उपचार लवकर आटोपून कामावर परतायचे असेल, तर हिशेब अधिक गुंतागुंतीचा होतो. पूर्वी पाच आठवडे चालणारे रेडिएशन आता अनेकदा तीन आठवड्यांत, तर निवडक रुग्णांत एका आठवड्यात पूर्ण होते. तरीही विरार किंवा बदलापूरहून रोज परळच्या टाटा रुग्णालयात येणे थकवणारे असते आणि बाहेरगावच्या कुटुंबाला तेवढे दिवस दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारखा आसरा शोधावा लागतो. स्तन काढल्यास हे सारे टळेल असे वाटते, पण गाठ मोठी असेल किंवा काखेतील गाठींत (म्हणजे तिथे मुळातच असलेल्या लसिकाग्रंथींत) आजार पोहोचला असेल, तर त्यानंतरही रेडिएशन लागू शकते. उलट, स्तन राखताना काढलेल्या भागाच्या कडेला कर्करोगाच्या पेशी आढळल्यास दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते. ‘माझ्या बाबतीत या दोन्हींची शक्यता किती?’ हे डॉक्टरांना आधीच विचारावे.

आपले शरीर आहे तसे राहावे, ही इच्छा कोणत्याही वयात रास्त आहे आणि ती बोलून दाखवण्यात संकोच नसावा. स्तन राखल्यास त्याची संवेदना बरीचशी टिकते. स्तन काढल्यानंतर पुनर्रचना करता येते, पण त्यासाठी आणखी शस्त्रक्रिया आणि खर्च येऊ शकतो आणि पूर्वीची संवेदना सहसा परत येत नाही. हाताची ताकद हा मात्र वेगळा प्रश्न आहे. लोकलमध्ये कडी धरून उभे राहायचे असो की पाण्याची कळशी उचलायची, हाताला येणारी सूज मुख्यतः काखेतील किती गाठी काढल्या आणि तिथे रेडिएशन दिले का, यावर अवलंबून असते. काखेतील मोजक्याच गाठी तपासून भागेल का, हे म्हणूनच दोन्ही मार्गांत विचारायला हवे.

काहींना ही निवड सहसा नसते: स्तनात अनेक ठिकाणी आजार असणे, छातीला पूर्वी रेडिएशन झालेले असणे किंवा स्तनाच्या मानाने गाठ फार मोठी असणे. यांपैकी शेवटच्या स्थितीत आधी केमोथेरपी देऊन गाठ लहान करता येते आणि काही वेळा स्तन राखण्याचा मार्ग पुन्हा खुला होतो. स्तनाच्या कर्करोगाचा धोका खूप वाढवणारा, बीआरसीए नावाच्या जनुकातील दोष आढळल्यास दोन्ही स्तनांचा विचार करावा लागतो.

पुढे मूल हवे असेल, तर शस्त्रक्रियेच्या प्रकारापेक्षा केमोथेरपीची तारीख महत्त्वाची ठरते, कारण केमोथेरपीने स्त्रीबीजांना इजा होऊ शकते. बीजे किंवा भ्रूण गोठवून ठेवण्यासाठी साधारण दोन आठवडे लागतात आणि ते केमोथेरपीआधीच करावे लागते. तरुण स्त्रीने डॉक्टरांच्या पहिल्याच भेटीत, सासू-सासरे शेजारी बसले असले तरी, हा विषय स्वतःहून काढावा.